शी, शू आणि लपवलेल्या चड्ड्या: मुलांच्या पोटाचे अनुभव इथे लिहा

केळफूल

मुलांचा खोकला, दात, अभ्यास यांवर आपण चारचौघांत सहज बोलतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला चड्डीत शी होते, हे मात्र सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. आमच्या इमारतीत दोघी-तिघींशी वेगवेगळ्या वेळी बोलणं झालं आणि लक्षात आलं की सगळ्यांच्या घरी हेच चाललंय. प्रत्येकीला वाटतंय, जगात आपलंच एक मूल असं. म्हणून हा धागा.

खडा होणं, शी कोंडून धरणं, चड्डीला लागणं, दिवसा किंवा रात्री शू होणं, शाळेतल्या संडासात न जाणं, यातलं काहीही लिहा. मुलांचं, शाळेचं, दवाखान्याचं नाव नको. औषधाचं नाव लिहिलंत तरी मात्रा लिहू नका, ती मुलाच्या वजनावर ठरते. घरगुती उपाय जरूर लिहा, पण मुलाचं वय सांगून. सहा महिन्यांच्या बाळाला आणि सहा वर्षांच्या मुलाला एकच काढा चालत नाही.

आणि कृपया "आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं" हे एकदाच कुणीतरी लिहून टाका, म्हणजे बाकीच्यांचा वेळ वाचेल.

बोरकूट

मुलगा आता आठ वर्षांचा आहे. मोठ्या गटात असताना रोज दुपारी त्याच्या चड्डीला थोडं थोडं लागलेलं असायचं. पूर्ण शी नाही, चिकट पातळ डाग. बाईंनी डायरीत लिहून पाठवलं, "पाल्यास शौचाची सवय लावावी." घरात सगळ्यांचं एकमत की पोट बिघडलंय. मग डाळिंबाचा रस, ताकभात, उगाळलेलं जायफळ. जवळच्या दवाखान्यातून जुलाब थांबवायचं औषधही आलं. त्यानं डाग आणखी वाढले.

शेवटी ज्या बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो त्यांनी त्याला झोपवलं, बेंबीखाली डावीकडे हात ठेवला आणि मग माझा हात तिथे ठेवायला लावला. "काय लागतंय?" कडक गोळे लागत होते. पोट बिघडलेलं नव्हतं, ते गच्च भरलेलं होतं. तुंबलेल्या मोरीत पाणी जसं कचऱ्याच्या कडेनं वाट काढतं, तशी वरची पातळ शी त्या गोळ्यांच्या बाजूनं खाली झिरपत होती. आतडं ताणलं गेल्यामुळे त्याला शी आल्याचं कळतच नव्हतं. आणि वासाचं म्हणाल तर सतत त्याच वासात राहिल्यावर नाकाला तो जाणवेनासा होतो. म्हणजे "तुला कळत नाही का रे?" या रोजच्या प्रश्नाचं खरं उत्तर "नाही" असंच होतं.

याची सुरुवात शोधायला गेलो तर एका तापाच्या आजारपणाशी पोचलो. तेव्हा पाणी कमी, खाणं कमी, एकदा कडक शी झाली, थोडी चीर पडली, रक्त दिसलं. पुढच्या वेळी त्यानं घाबरून धरून ठेवली. धरून ठेवली की आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं, ती आणखी कडक आणि मोठी होते, पुढच्या खेपेला आणखी दुखतं. पाय एकमेकांवर टाकून, पडद्याला धरून, लाल चेहऱ्यानं तो उभा राहायचा तेव्हा आम्हाला वाटायचं कुंथतोय. तो प्रत्यक्षात आत ढकलत होता.

उपचाराचे दोन भाग होते. आधी पोट पूर्ण रिकामं करायचं, मग पुन्हा भरू द्यायचं नाही. दोन्हीला पेग पावडर, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल. ती आतड्यात शोषली जात नाही, शीत पाणी धरून ठेवते. रिकामं करायचं काम शनिवार-रविवारी, कुठेही न जाता, घरात केलं. ते दोन दिवस कसे गेले ते लिहीत नाही. वॉशिंग मशीनला विचारा.

त्यानंतर रोजचं थोडं औषध आणि न्याहारी व रात्रीच्या जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसायचं. जेवल्यावर आतड्याची हालचाल आपोआप वाढते, म्हणून ही वेळ. आमच्याकडे कमोड आहे आणि त्याचे पाय अधांतरी लोंबायचे. जुना पाट पायांखाली ठेवला, गुडघे कमरेच्या वर आले, पुढे झुकून बसायला लागला. शी झाली नाही तरी शाबासकी, कारण बसणं त्याच्या हातात होतं, शी होणं नव्हतं.

अडीच-तीन महिन्यांत सगळं छान झालं. दिवाळीला पाहुणे आले. "एवढ्याशा पोराला रोज औषध? सवय लागेल आतड्याला." नवऱ्याला ते पटलं, औषध बंद. तुळशीच्या लग्नापर्यंत डाग परत. डॉक्टर रागावल्या नाहीत, म्हणाल्या हे जवळजवळ प्रत्येक घरी होतं. ताणलेलं आतडं मूळच्या आकाराला यायला कित्येक महिने लागतात. शी रोजची, मऊ आणि न दुखता व्हायला लागल्यावरही औषध चालू ठेवायचं, आणि नंतर हळूहळू उतरवायचं, झटक्यात नाही. आमचं सगळं मिळून दीड वर्षाच्या आसपास चाललं.

वॉशिंग मशीनमागे कोंबलेल्या चड्ड्या सापडायच्या त्या काळात. त्यावर आम्ही एक झाकणाची बादली ठेवली, त्यात टाकली की प्रश्न विचारायचा नाही. कोंबणं थांबलं.

दुपारचाचहा

बोरकूट, "आत ढकलत होता" हे वाचून थांबले. माझी चार वर्षांची सोफ्यामागे जाऊन टाचांवर बसते. आम्ही सगळे "कर बाळा, जोर लाव" म्हणून टाळ्या वाजवतो!

नाचणीसत्त्व (नाशिक)

आमचं दूध-प्रकरण. मुलगा अडीच वर्षांचा, सकाळी बाटली, दुपारी बाटली, झोपताना बाटली, रात्री उठला की परत. मोजलं तर दिवसाला लिटरभर. पोट दुधानं भरलेलं, मग वरणभात, भाजी, भाकरी काही नको. चार दिवसांनी एकदा शी, तीही बकरीच्या लेंड्यांसारखी. आजीचं म्हणणं, "दूध पितोय ना, मग ताकद आहे."

डॉक्टरांनी दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत आणायला सांगितलं, तेही कपातून. पहिला आठवडा घरात रडारड. मग भूक लागायला लागली. पपई, पेरू, भिजवलेल्या काळ्या मनुका, डाळीत घातलेला पालक. ताटात भाजी दिसली की पळणाऱ्याला थालीपिठात दुधी किसून घातलेला चालतो. खारी, टोस्ट, बिस्किटं बंद नाही, पण डबा वरच्या फळीवर गेला.

महिन्याभरात फरक पडला. औषध फक्त सुरुवातीला लागलं, लॅक्ट्युलोजचं सिरप.

तिरफळ

मी आजी आहे, रत्नागिरीकडची. तो वरचा टोमणा माझ्यासाठी असेल तर पोचला.

आमच्या वेळी नव्हतं असं मी म्हणणार नाही. होतं. परसाकडे जायचं म्हणजे अंधारात, पावसात, विंचवाकाट्याचं, पोरं धरून ठेवायचीच. मग विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून खाली लावायचा. कुणी साबणाची कांडी सरकवायचे. हिंगाचा लेप बेंबीभोवती. सगळं केलेलं आहे आणि पोरं वाढली आहेत.

पण एक सांगते. डोंबिवलीचा नातू दर मे महिन्यात येतो. तिथे कमोडवर बसून हातात मोबाईल, अर्धा अर्धा तास. इथे उकिडवं बसायचं, मोबाईल न्यायचा नाही. दिवसभर आवारात धावणं, आंबे, करवंदं, कुळथाचं पिठलं, पेज. इथे त्याला कधी त्रास होत नाही. जून उजाडला की सुनेचा फोन, परत सुरू झालं म्हणून. तुम्ही पावडरी देता त्या द्या, पण पोराला उकिडवं बसवा आणि हुंदडू द्या.

शिशुविहार

मी बालरोगतज्ज्ञ आहे. तिरफळ आजी, उकिडवं बसण्याबद्दल पूर्ण सहमत. त्या स्थितीत गुदमार्गाचा कोन सरळ होतो आणि जोर कमी लागतो. कमोड असेल तर पायांखाली पाट हाच उपाय, वर बोरकूट यांनी लिहिलाय. मोबाईलबद्दल तर दोनदा सहमत.

देठ आणि साबण मात्र नको. साबणानं आतली नाजूक त्वचा जळजळते, देठानं चीर पडू शकते. आणि मोठा प्रश्न असा की ज्या मुलाला तिथे दुखण्याचीच भीती बसली आहे, त्याला पुन्हा तिथेच धरून काही करणं म्हणजे भीती पक्की करणं. याच कारणासाठी आम्हीही शक्यतो तोंडावाटे औषध देतो, एनिमा मागे ठेवतो. वर्षाच्या आतल्या बाळाला गुटीत मध उगाळून देऊ नका. त्यातून क्वचित पण गंभीर विषबाधा होते.

बहुतेक मुलांत बद्धकोष्ठामागे दुसरा आजार नसतो, त्यामुळे ढीगभर तपासण्या लागत नाहीत. पण पुढचं काही दिसलं तर घरी उपाय करत बसू नका: जन्मल्यावर पहिली काळी शी 48 तासांत झाली नव्हती, त्रास पहिल्या महिन्यापासूनच आहे, पोट फुगलंय आणि हिरवी उलटी होतेय, वजन वाढत नाही, पायांत जोर कमी वाटतो, कमरेच्या मणक्यावर खळगा किंवा केसांचा झुपका आहे. शीवर वरून रक्ताची रेघ असेल तर बहुधा कडक शीनं पडलेली चीर असते, तरी एकदा दाखवा.

आणखी एक. दवाखान्यात "शी होते का?" असं विचारलं की पालक "हो, रोज होते" म्हणतात. रोज होऊनही पोट भरलेलं असू शकतं, कारण रोज थोडीच बाहेर येते. म्हणून मी ब्रिस्टलचा तक्ता पुढे करते. 1997 साली ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी मांडलेली ही सात चित्रं आहेत. पहिलं सुट्या कडक लेंड्यांचं, सातवं निव्वळ पाण्यासारखं. पहिली दोन म्हणजे बद्धकोष्ठ, तिसरं-चौथं उत्तम. चार वर्षांचं मूलही बोट ठेवून "माझी अशी" म्हणून सांगतं, आणि आईबाबांपेक्षा बरोबर सांगतं.

तिरफळ

साबणाचं पटलं. देठाचं बघू.

पहिलटकरीण

छोटा प्रश्न. बाळ दोन महिन्यांचं, फक्त अंगावर पितं. पाच-पाच दिवस शी करत नाही, मग एकदम खूप, पण पिवळी आणि पातळ. मजेत असतं. सासूबाई देठाच्या तयारीत आहेत, आणि आता तर त्यांना इथे पाठिंबाही मिळालाय!

शिशुविहार

मऊ होतेय, बाळ नीट पितंय, वजन वाढतंय, पोट फुगलेलं नाही, तर याला बद्धकोष्ठ म्हणतच नाहीत. अंगावर पिणाऱ्या बाळात आठवडाभराचं अंतरही पडू शकतं. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि देठ पानासकट त्यांनाच खाऊ द्या.

खडूफळा

जिल्हा परिषद शाळेत शिकवते, पहिली ते चौथी. पालकांची बाजू वाचली, आता वर्गातली.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं हवीत असं त्यात आहे, आणि बांधलेलीही आहेत. पण पाण्याचं काय? आमच्याकडे फाल्गुन सरला की टाकीत खडखडाट. पाणी नाही म्हणजे वास, वास म्हणजे पोरं जात नाहीत. मुली तर घरून आणलेली बाटली तशीच परत नेतात. प्यायलं तर जावं लागेल, म्हणून पीतच नाहीत. शू कोंडून, शी कोंडून, पाच वाजेपर्यंत. मग जळजळ, पोटात दुखणं, गैरहजेरी. शाळेत न जाण्याची कारणं शोधणारे लोक येतात, प्रश्नावली भरून घेतात, संडासाला पाणी किती वाजेपर्यंत असतं हे कुणी विचारत नाही.

माझ्या हातात होतं ते केलं. तासाच्या मध्ये कुणीही बोट वर न करता उठून जायचं. दाराशी एक लाकडी ठोकळा आहे, तो बाकावर ठेवून जायचं, आल्यावर परत दाराशी. एक ठोकळा मुलांचा, एक मुलींचा. सुरुवातीला सगळ्यांना एकदम लागायची, आठवड्यात नवलाई संपली. कपाटात धुतलेल्या चड्ड्या आणि दोन जुने फ्रॉक ठेवलेत. कुणाला झालं तर मी त्याला ऑफिसात निरोप द्यायला पाठवते. तिथे सेविका मावशी बदलून देतात. वर्गाला वाटतं कामाला गेला.

"मोठा झालास तरी?" हे वाक्य आमच्या वर्गात मी बोलत नाही. मुलं बोलली तर त्या दिवशी त्यांना टाकी भरायला लावते.

शहरातल्या इंग्रजी शाळांत पाणी असतं, पण "पाचच मिनिटांपूर्वी मधली सुट्टी होती ना?" म्हणून बसवून ठेवतात, असं माझी भाची सांगते. वेगळं कारण, पोटात तेच.

थेम्सकाठचा

इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. आमची अडचण कदाचित इथे कुणी लिहिणार नाही.

मुलगी साडेचार वर्षांची, रिसेप्शनच्या, म्हणजे इथल्या शाळेच्या पहिल्याच वर्गात गेली. घरी आम्ही टमरेल वापरतो, तिला पाण्यानं धुण्याची सवय. शाळेत फक्त कागद. तिला ते घाणेरडं वाटायचं, म्हणून तिनं शाळेत शी करणंच बंद केलं. घरी यायची तोवर वेळ टळून गेलेली. मग शनिवारी रविवारी एकदाच, रडून. पुढे शाळेच्या कपड्यांत डाग. तिची बाई फार चांगली, पण तिला पाण्याचा मुद्दा समजावताना माझीच भाषा अडखळली.

जीपींनी, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी, मॅक्रोगोल दिलं, ही तीच पेग पावडर. सोळा वर्षांखालच्या मुलांना इथे चिठ्ठीवरचं औषध फुकट असतं. "एरिक" नावाची मुलांच्या पोट आणि मूत्राशयाच्या तक्रारींवर काम करणारी संस्था आहे, तिच्या संकेतस्थळावरची माहिती मी छापून शाळेत दिली. शाळेनं अपंगांसाठीचा संडास वापरू दिला, कारण तिथे आतच बेसिन आहे. ओले रुमाल आम्ही पाठवतो, ते कचऱ्याच्या डब्यात जातात, संडासात नाही. तिला एवढंच हवं होतं.

गेल्या डिसेंबरात सांगलीला आलो तेव्हा उलटं झालं. भारतीय संडास बघून ही दारातच उभी. "बाबा, खुर्ची कुठेय?" दोन दिवस पुन्हा कोंडणं. आईनं अंगणातल्या मोरीत तिला उकिडवं बसून शू करायला शिकवलं, तिथून ती संडासापर्यंत पोचली. आता रेडिंगमध्ये कमोडवर पाय वर घेऊन उकिडवी बसते. पडेल म्हणून मीच खाली स्टूल आणलं.

सह्यवाट

रात्रीच्या शूबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मी.

मुलगा नऊ वर्षांचा होईपर्यंत गादी ओली करायचा. आमच्या घरात यावर फार चर्चा झाली नाही, कारण मी स्वतः सहावीपर्यंत करत होतो आणि माझे काकाही. डॉक्टरांनी सांगितलं, आई किंवा वडील यांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला असण्याची शक्यता साधारण 40 टक्क्यांच्या वर, दोघांना असेल तर 75 च्या आसपास. पाच वर्षांच्या शंभर मुलांत पंधरा-एक मुलं रात्री गादी ओली करतात, आणि दरवर्षी त्यांतली पंधरा टक्के काही न करता थांबतात. हे आकडे मी त्याला सांगितले. वर्गात कितीजण असतील ते त्यानं बोटांवर मोजलं आणि भलताच खूश झाला.

आम्ही काय केलं: दिवसभर भरपूर पाणी, संध्याकाळी बेताचं. झोपण्याआधी दोनदा शू, एकदा दात घासण्याआधी, एकदा नंतर. गादीवर मेणकापड. सकाळी चादर काढून बादलीत टाकणं त्याचं काम, शिक्षा म्हणून नाही, रोजच्या कामासारखं. रात्री बारा वाजता पेंगत उचलून नेणं बंद केलं, कारण त्यात तो जागाच नसायचा. ओल लागली की वाजणारा अलार्म मिळतो, तो सुरुवातीला घरातल्या सगळ्यांना जागं करायचा, फक्त त्याला नाही. तीन-एक महिने नेटानं लावला तेव्हा उपयोग झाला. शिबिराला जायचं होतं त्या वेळी डॉक्टरांनी डेस्मोप्रेसिन, म्हणजे रात्री शू कमी तयार होण्याचं औषध, दिलं होतं. ते घेतलं की रात्री पाणी जास्त प्यायचं नाही, हे शिबिरातल्या दादाला एकट्याला सांगून ठेवलं.

गंमत म्हणजे पहिल्या भेटीत डॉक्टरांनी शूबद्दल कमी आणि शीबद्दल जास्त विचारलं. भरलेलं आतडं मूत्राशयाला दाबतं. पोट नीट केलं आणि ओल्या रात्री अर्ध्यावर आल्या, अलार्म यायच्या आधीच.

एखादं मूल सहा महिने किंवा जास्त कोरडं राहून अचानक पुन्हा ओलं करायला लागलं तर मात्र लगेच दाखवा. माझ्या मित्राच्या मुलीचं तसं झालं, शिवाय सारखी तहान लागायची. लघवीत साखर निघाली, टाईप 1 मधुमेह होता.

तांबडापांढरा

शिशुविहार यांच्या यादीतला पहिला मुद्दा आमच्या घरी घडला. कोल्हापुरात मुलगा झाला, दोन दिवस उलटले तरी काळी शी नाही. पोट नगाऱ्यासारखं. तिसऱ्या दिवशी नळी घालून थोडी झाली, सगळे म्हणाले झालं मोकळं, घरी न्या. घरी आलो. आठवड्यात परत पोट फुगलं, हिरवी उलटी.

हर्षस्प्रुंग नावाचा जन्मजात दोष निघाला. सुमारे पाच हजार जन्मांत एक. आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच तयार झालेल्या नसतात, त्यामुळे तो भाग शी पुढे ढकलत नाही. आतला तुकडा काढून तपासला तेव्हा नक्की झालं. तेवढा भाग काढून वरचं निरोगी आतडं खाली जोडलं.

आज तो सात वर्षांचा आहे, तालमीत जातो. पण ऑपरेशन झालं म्हणजे विषय संपला असं समजू नका. अजूनही अधूनमधून चड्डीला लागतं, अधूनमधून गच्च होतं. ताप येऊन पोट फुगलं आणि घाण वासाचे जुलाब झाले तर आम्ही वाट न बघता निघतो, हे पहिल्या दिवसापासून शिकवलेलं आहे. त्याच्या शाळेच्या दप्तरात मागच्या कप्प्यात एक चड्डी, एक पिशवी कायम असते. तालमीतल्या पोरांना माहीत आहे, कुणी काही म्हणत नाही. वस्तादांचा धाक असेल, किंवा पोरं खरंच बरी असतील.

संत्राबर्फी

नागपूरहून. माझा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, सहा वर्षांचा. शी फक्त डायपरमध्येच करत असे, आणि डायपर नाही घातलं तर तीन-तीन दिवस करत नसे. "घालूच नका, आपोआप शिकेल" असं सांगणारे ढीगभर लोक भेटले. आम्ही ते करून बघितलं आणि सरळ दवाखान्यात पोचलो ना बाप्पा.

थेरपिस्ट ताईंनी उलट्या बाजूनं सुरुवात केली. आधी औषधानं शी मऊ ठेवायची. डायपर राहू द्यायचं, फक्त जागा बदलायची. पहिले काही आठवडे डायपर घालून बाथरूमच्या दाराशी, मग आत, मग झाकण पाडलेल्या कमोडवर बसून, मग झाकण उघडून. पुढे डायपरला खाली भोक पाडलं आणि ते दरवेळी मोठं करत गेलो. शेवटी कमरेला नुसता पट्टा उरला होता आणि तो पट्टा बांधून तो ऐटीत बसायचा. प्रत्येक पायरीला वेळ त्याची, आपली घाई नाही.

त्याला नेमकं काय खुपतं ते शोधायला बराच काळ गेला. फ्लशचा आवाज. जेट स्प्रेचं गार पाणी. एक्झॉस्ट पंखा. आता तो बाहेर आल्यावरच आम्ही फ्लश करतो, आणि कोमट पाण्याचा मग ठेवतो. भिंतीवर चित्रांची पट्टी आहे: चड्डी खाली, बसणं, धुणं, चड्डी वर, हात. मॉलमधल्या हात वाळवायच्या यंत्राचं मात्र अजून जमलं नाही, तिथे कानांवर हात ठेवून पळतो. चालतंय. चड्डीला पुसतो हात.

पेरूवाला

केळ्यानं घट्ट होते की सैल? आमच्याकडे यावर दोन तट आहेत आणि लग्न मोडायची वेळ आलीये.

नाचणीसत्त्व

कच्चट केळं घट्ट करतं, पिकलेलं चालतं, असा आमचा अनुभव. लग्न टिकवा, पपई आणा.

दुपारचाचहा

परत आले. वरचं वाचून टाळ्या बंद केल्या. दवाखान्यात जाऊन आलो, पोट भरलेलंच होतं, औषध चालू झालंय. आता दोन प्रश्न. इसबगोल द्यायचा का? नणंद रोज विचारते. आणि कमोडवर बसवलं की ही पाय ताठ करून किंचाळते, तिला जबरदस्तीनं बसवायचं का?

शिशुविहार

गच्च भरलेलं असताना वरून इसबगोल घातला, आणि पाणी पुरेसं गेलं नाही, तर आतला गोळा आणखी मोठा होतो. आधी रिकामं होऊ द्या. नंतरही जेवणातलाच चोथा बरा: फळं, भाज्या, सालासकट डाळी, ज्वारी-बाजरीची भाकरी.

जबरदस्ती नको. दुखणं थांबल्याची तिची खात्री पटायला काही आठवडे लागतात. तोवर डायपरमध्ये किंवा भांड्यावर केली तरी चालेल, मऊ होणं आणि न दुखणं महत्त्वाचं. संडासाची सवय हे त्यानंतरचं काम.

बोरकूट

आणि बसलेली असताना फुगे फुंकायला द्या, साबणाचे. फुंकताना पोटावर आपोआप जोर येतो, आणि तिचं लक्षही तिकडे जातं. आमच्याकडे पिपाणी होती. शेजाऱ्यांनी गणपतीपर्यंत सहन केली.

दुपारचाचहा

फुगे आज आणते. शेवटचं, हे डाग निघतात कसे? घासून घासून चड्ड्यांची जाळी झालीये.

केळफूल

आधी नुसत्या गार पाण्याखाली धरायच्या. गरम पाणी पहिल्यांदाच ओतलं तर डाग पक्का बसतो. मग साबण लावून तासभर ठेवायच्या, नंतर बाकीच्या कपड्यांपासून वेगळ्या धुवायच्या आणि उलट्या करून कडक उन्हात. पांढऱ्या घेऊ नका, गडद रंगाच्या डझनभर स्वस्तातल्या आणा. एखादी फारच खराब झाली तर सरळ टाकून देता येते.